जवाचे पोहे आणि लहान पातेले



गेल्या जुलै महिन्यातील गोष्ट. भर पावसात आमच्या धर्मग्रामातील एक मावशी धर्मगुरुनिवासाच्या ओसरीवर येऊन उभ्या राहिल्या. त्यांचा मुलगा इंग्लंडात एका इस्पितळात नोकरीस आहे. त्याने फोनवर धाडलेले लांबलचक पत्र त्यांनी शेजारच्या मुलीकडून वहीच्या पानांवर उतरवून घेतले होते. ती पाने आमच्या हाती देत त्या म्हणाल्या, "फादर, आमचा पोरगा विलायतेत दारू गाळायला लागलाय. आणि वर म्हणतो, कुठं चुकलं ते फादरना विचारून सांग!"

पत्र आम्ही दोनदा वाचले. मुलगा दारू गाळीत नव्हता. घरच्या घरी बिअर करू पाहत होता. गाळणे म्हणजे आंबलेला रस तापवून त्याची वाफ धरणे. ते परवान्यावाचून तिकडेही चालत नाही. बिअरचे तसे नाही. इंग्लंडात १८८० सालापासून घरी बिअर करणाऱ्यास परवाना काढावा लागे. ती अट १९६३ साली उठली आणि तेव्हापासून आपल्या घरापुरती बिअर करण्यास मोकळीक आहे. विकता मात्र येत नाही. अमेरिकेत संघराज्याचा कायदा १९७८ साली बदलला, तरी अलाबामा व मिसिसिपी या दोन राज्यांनी आपल्या रहिवाशांस २०१३ पर्यंत तिष्ठत ठेवले. आपल्याकडील वाचकांनी मात्र हा लेख वाचून पातेले चुलीवर चढवू नये. राज्याराज्यांच्या अबकारी कायद्यांखाली परवान्यावाचून बिअर करणे हा गुन्हा आहे. आणि बडोद्याच्या वाचकांस दारूबंदी म्हणजे काय हे आम्ही सांगावयास नको. ज्यांची मुले परदेशी आहेत, आणि ज्यांस स्वयंपाकघरातील विद्येचे कुतूहल आहे, त्यांच्यासाठी हे लिहीत आहोत.

मावशींचा पहिला प्रश्न अर्थातच पापाचा होता. झिंगणे वाईट, बिअर करणे पाप नव्हे, असे आम्ही म्हटले. जुन्या रोमन विधिग्रंथात बिअरवर म्हणावयाचा आशीर्वादसुद्धा छापलेला आहे, हे ऐकल्यावर त्या खुर्चीवर टेकल्या.

हकिकत अशी. मुलाच्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ राहतात. तीस वर्षे ते आपल्या परसातील खोलीत स्वतःच्या हाताने काळी बिअर करीत आले. 'स्टाउट' म्हणतात ती. त्यांचे भांडे चाळीस लिटरांचे. मागल्या वर्षी त्यांच्या पाठीच्या कण्यावर शस्त्रक्रिया झाली आणि उकळत्या रसाने भरलेले ते भांडे उचलणे कायमचे सुटले. ऑक्टोबरात त्यांस ऐंशीवे वर्ष लागावयाचे होते. त्यांनी आपली कृती कागदावर लिहून मुलाच्या हाती दिली आणि म्हटले, "वाढदिवसाला माझीच बिअर प्यावी असे वाटते. तू करून देशील का?" आपला मुलगा, नाही कसा म्हणणार? परंतु त्याच्या भाड्याच्या घरात दोन शेगड्या आणि बारा लिटरांचे एक पातेले. त्याने आपल्या बुद्धीप्रमाणे कृती लहान केली. तीन आठवड्यांनी जे हाती आले ते गढूळ, मचूळ आणि गोडसर होते. वीस लिटर मोरीत ओतावे लागले. हे त्याने म्हाताऱ्यास सांगितलेले नव्हते.

आम्हांसच का विचारले, हेही सांगावयास हवे. आम्ही उच्च अभ्यासासाठी दोन वर्षे इंग्लंडात एका धर्मग्रामात राहिलो. तेथील वयस्क धर्मगुरूंस हा छंद होता आणि धान्य कुटणे, पाणी तापविणे ही कामे आमच्याकडे असत. मुलाने लहानपणी वेदीसेवक असताना आमच्या तोंडून त्या गोष्टी ऐकल्या असाव्यात. माणूस काय लक्षात ठेवील ते सांगता येत नाही.

आता मूळ कृती पाहा. वीस लिटर बिअरसाठी फिका माल्ट २.८ किलो, जवाचे पोहे ८०० ग्रॅम, आणि कॉफीच्या बियांसारखे काळे होईतो भाजलेले जव ४०० ग्रॅम. शिवाय कडवटपणासाठी गोल्डिंग्ज जातीचे हॉप्स ६० ग्रॅम. चार किलो धान्य, आणि ते भिजवून, धुऊन निघणारा पंचवीस लिटर रस एकदम उकळावयाचा. बारा लिटरांच्या पातेल्यात हे कसे मावावे?

मुलाने काय केले? बाजारात माल्टचा तयार अर्क मिळतो. कारखान्यात माल्टचा गोड रस काढून तो आटवितात. पाकासारखा दाट ठेवतात किंवा वाळवून भुकटी करतात. त्याने फिका माल्ट सगळाच्या सगळा काढून टाकला आणि त्याच्या जागी १.७ किलो भुकटी घेतली. हा हिशेब बरोबर होता. एक किलो फिक्या माल्टमधून घरगुती रीतीने जेवढी साखर उतरते तेवढी सुमारे ६०० ग्रॅम कोरड्या अर्कात असते. पातळ अर्क घेतला तर ७५० ग्रॅम लागतो. कृती बदलणाऱ्यास हे दोन आकडे पाठ असले म्हणजे अर्धे काम झाले. मग त्याने पोहे व भाजलेले जव फडक्यात बांधून अर्धा तास गरम पाण्यात ठेवले, ते पिळून काढले आणि त्या पाण्यात अर्क विरघळविला. चूक कोठे झाली?

ही चूक आम्ही नव्हे, मावशींनी सांगितली.

आम्ही त्यांस माल्ट म्हणजे काय ते समजावीत होतो. जव भिजवितात, मोड आणतात, मोड फार वाढण्याच्या आत वाळवितात. "म्हणजे आपण नाचणीचं करतो तेच," त्या म्हणाल्या. तेच! मोड आणलेल्या नाचणीचे पीठ बाळाच्या पेजेत घातले की दाट पेज पाहता पाहता सैल होते आणि थोडी गोडही लागते, हे आपल्या घरोघरी ठाऊक आहे. मोड येताना दाण्यात विकरे तयार होतात आणि ती पिष्टाचे तुकडे करून साखर बनवितात. जव, पाणी आणि योग्य ऊब यांच्यावर सोपविलेल्या या कामास बिअर करणारे 'मॅश' म्हणतात. "मग पोह्यांत मोडाचं धान्य नव्हतंच," मावशी म्हणाल्या, "नुसते पोहे गरम पाण्यात ठेवले तर खळच होणार की!"

खळच झाली होती. जवाच्या पोह्यांत पिष्ट भरपूर, आणि पोहे करताना वाफेने ते मऊ झालेले असल्याने पाण्यात लगेच सुटते. परंतु त्यांच्यात विकर नाही. भुकटीच्या अर्कातही नाही. कारखान्यात आटविताना उष्णतेने ते मेलेले असते. मग पिष्टाचे तुकडे करणार कोण? यीस्ट साखर खाते, पिष्टास तोंड लावीत नाही. ते तसेच तरंगत राहते, बिअर गढूळ दिसते, आणि नको ते जीवजंतू त्यावर पोसतात.

म्हणून पूर्ण धान्याची कृती अर्ध्या धान्याची करताना पहिला प्रश्न किती अर्क घ्यावा हा नसून, कोणत्या धान्यास मॅशवाचून गत्यंतर नाही हा आहे. पोहे, ओट, गव्हाचा माल्ट, व्हिएन्ना व म्युनिक नावाचे तांबूस माल्ट, या सर्वांत न फुटलेले पिष्ट असते. त्यांस मॅश हवाच. क्रिस्टल माल्टमधील पिष्टाची साखर कारखान्यातच होऊन गेलेली असते. चॉकलेट माल्ट आणि काळे भाजलेले जव यांच्याकडून आपणांस रंग आणि खरपूस चव एवढेच हवे असते. हे तिन्ही नुसते भिजत ठेवले तरी चालतात. अर्काने बदली करावयाची ती केवळ फिक्या माल्टची, आणि तीही सगळ्याची नव्हे. पोह्यांना सांभाळण्यापुरता फिका माल्ट मागे ठेवलाच पाहिजे.

तो किती ठेवावा? येथे आम्हांस पेन्सिल घेऊन बसावे लागले. विकरांचे बळ लिंटनर नावाच्या अंशांत मोजतात. अमेरिकेतील फिका माल्ट बहुधा १२० अंशांच्या आसपास असतो. इंग्लंडातील जुन्या पद्धतीचा माल्ट सुमारे ५०. मॅशमधील एकूण धान्याचे सरासरी बळ निदान ३० अंश असावे, असा घरगुती बिअर करणाऱ्यांचा नियम आहे. मुलगा एका अमेरिकी पुस्तकावरून चालला होता, आणि त्याप्रमाणे एक किलो माल्ट राखला असता तर काय झाले असते? अमेरिकी माल्ट असता तर १२० भागिले २.२ किलो, म्हणजे ५४ अंश; काम फत्ते. पण दुकानातून तो आणणार इंग्रजी माल्ट. ५० भागिले २.२, म्हणजे जेमतेम २३. पुन्हा खळ! तेव्हा आम्ही माल्ट दीड किलो ठेवावयास सांगितले, आणि भाजलेले जव शेवटच्या दहा मिनिटांत घालावयास सांगितले. आता दीड किलो माल्टच्या ७५ अंशांना माल्ट व पोहे मिळून २.३ किलोंत वाटून घ्यावयाचे. ते सुमारे ३३ येतात. फार नव्हे, पण पुरेसे. भाजलेले जव मागाहून घालण्याने आणखी एक सोय होते: तोवर रस फिका असतो आणि आयोडीनची परीक्षा घेता येते. बशीत थेंबभर रस घेऊन वर आयोडीनचा थेंब टाकावा. निळाकाळा झाला तर पिष्ट शिल्लक आहे, आणखी वेळ द्यावा. रंग तसाच राहिला तर मॅश पूर्ण झाला.

राहिलेल्या १.३ किलो माल्टच्या जागी ८०० ग्रॅम कोरडा अर्क. तो दुकानात मिळेल तितका फिका घ्यावा. काळी बिअर म्हणून काळा अर्क आणण्याचा मोह होतो. पण त्यात कारखानदाराने काय काय घातले हे आपल्या हाती राहत नाही, आणि म्हाताऱ्याच्या कृतीतील भाजलेल्या जवाचे काम दुसराच कोणी करून जातो.

आमचे उत्तर साधारण असे होते:

"सहा लिटर पाणी ७३ अंश सेल्सियसपर्यंत तापव. भरडलेला माल्ट आणि पोहे त्यात हळूहळू सोड, गुठळी राहू देऊ नको. मिश्रण ६५-६६ अंशांवर येईल. तापमापकावाचून हे काम करू नको, बोट बुडवून अंदाज चालणार नाही. झाकण घालून पातेले जाड पांघरुणात गुंडाळ. आईने गोधडी दिली असेल ती काढ. तासभर हात लावू नको. मग आयोडीन, मग भाजलेले जव, आणि दहा मिनिटांनी सगळे मोठ्या फडक्यातून दुसऱ्या भांड्यात गाळ. चोथ्यावर ७५ अंशांचे सहा लिटर पाणी थोडे थोडे ओत आणि तेही धर. नऊ लिटरांच्या आसपास रस मिळेल. पातेल्यात तो मावतो, परंतु उकळी फुटताना फेस वर येतो तेव्हा जागेवरून हलू नको."

७५ अंशांचा आकडा आम्ही अधोरेखित केला, कारण त्या बाबतीत आमचे हात पोळलेले आहेत. इंग्लंडात एकदा वयस्क फादर बाहेरगावी गेले असता आम्ही घाईने धान्याची पुरचुंडी रसातच ठेवून उकळली. चहाची पूड पाऊण तास उकळावी तसा तुरटपणा उतरला. फादरांनी एक घोट घेऊन पेला खाली ठेवला आणि हवेविषयी बोलू लागले.

आता त्या गोडीचा विचार. मुलाने सारा अर्क आरंभीच घालून थोड्या पाण्यात दाट पाक केला होता, आणि त्यातच हॉप्स उकळले. दाट रसात हॉप्सचा कडवटपणा कमी उतरतो. आमच्या नव्या हिशेबातही सगळा अर्क पहिल्यापासून नऊ लिटरांत घातला असता तर रसाची घनता १.०९५ च्या घरात गेली असती. म्हाताऱ्याच्या मोठ्या भांड्यात ती १.०४० च्याही थोडी खालीच असे. प्रचलित कोष्टकाप्रमाणे ६० ग्रॅम हॉप्सचे काम करावयास तेथे ९५ ग्रॅम लागले असते. यावर तोड सोपी आहे: तासाभराच्या उकळीत पहिली पन्नास मिनिटे केवळ मॅशचा रस आणि हॉप्स ठेवावे, अर्क शेवटच्या दहा मिनिटांत घालावा. मग ७० ग्रॅम हॉप्स पुरतात. अर्क घालताना पातेले शेगडीवरून उतरवावे, नाहीतर तो तळाशी बसून करपतो. भुकटी वाफेवर धरली की तिचे गोळे होतात, म्हणून ती आधी थोड्या गार पाण्यात कालवून घ्यावी. उशिरा घातल्याने रंगही कमी चढतो. काळ्या बिअरीत त्याचे महत्त्व नाही, पण सोनेरी बिअर करणाऱ्यास आहे.

यानंतरचे काम मूळ कृतीसारखेच. पातेले गार पाण्यात ठेवून निववावे, आधी उकळून गार केलेले पाणी घालून वीस लिटर करावे, हायड्रोमीटर बुडवून घनता पाहावी. १.०४३ यावयास हवी. लहान मॅशमध्ये धान्य पुरते धुतले जात नाही, म्हणून एकदोन अंश कमी येण्याचा संभव असतो. १०० ग्रॅम कोरडा अर्क वीस लिटरांस सुमारे दोन अंश चढवितो. तेवढा हाताशी ठेवावा. मग यीस्ट, वीस अंशांच्या आतली जागा, दोन आठवडे. नंतर सगळ्या बिअरीत मिळून १०० ग्रॅम साखर मिसळून बाटल्या भराव्या, आणि आणखी दोनतीन आठवडे कळ काढावी. ज्याला ज्याला ती लागावयाची आहे ते सर्व आधी जंतुरहित केलेले असावे, हे इस्पितळात काम करणाऱ्यास आम्ही लिहिले नाही.

एक गोष्ट मात्र आम्ही त्यास स्पष्ट कळविली: ही बिअर म्हाताऱ्याच्या बिअरीची सख्खी बहीण होईल, तीच होणार नाही. स्वतःच्या मॅशची ऊब आपण ठरवितो. ६५ अंशांवर ठेवला तर यीस्टला खाता येईल अशी साखर अधिक होते आणि बिअर कोरडी लागते. ६८ वर ठेवला तर अंगाने भरलेली. अर्काचा मॅश मात्र कारखान्यात कोणीतरी आधीच करून ठेवलेला असतो. त्यात आता बदल करता येत नाही. आपल्या वाट्याचा मॅश खालच्या उबेवर ठेवून थोडी भरपाई होते, पुरती नव्हे. म्युनिक माल्टच्याच बळावर उभ्या असलेल्या कृती तर लहान पातेल्याच्या वाटेस नेऊच नयेत, असे आमचे मत आहे. त्यांच्यापेक्षा निम्म्या मापाने, पण पूर्ण धान्याची बिअर करावी. दहा लिटर चांगली बिअर वीस लिटर बऱ्या बिअरीपेक्षा लवकर संपते, एवढाच तिचा दोष. म्हाताऱ्याच्या बाबतीत आम्ही तसे सुचविले नाही, कारण वाढदिवसास अठ्ठावीस माणसे यावयाची होती.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात मुलाने पातेले चढविले. आरंभीची घनता १.०४१ आली, त्याने हाताशी ठेवलेला अर्क घातला नाही, 'असू दे' म्हणाला. शेवटी १.०१२ वर थांबली, म्हणजे चार टक्क्यांच्या आत मद्यार्क. आयोडीनचा पहिला थेंब निळा झाला होता, म्हणून त्याने मॅश आणखी वीस मिनिटे राखला, हे वाचून आम्हांस मनापासून आनंद झाला.

वाढदिवसाच्या आधी आठवडाभर त्याने एक बाटली शेजारी नेली आणि मोरीत ओतलेल्या पहिल्या वीस लिटरांची कबुलीही देऊन टाकली. म्हाताऱ्याने पेला उजेडात धरला, वास घेतला, पुष्कळ वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "भाजल्याची चव माझीच आहे. माझी थोडी अधिक कोरडी असे." आणि पेला पुढे केला, आणखी ओत म्हणून. पुढच्या खेपेस मॅश एक अंश खाली घेऊन पाहू, असे त्या दोघांचे ठरले आहे. तापमापक म्हाताऱ्याने हाती घ्यावयाचा, पातेले मुलाने उचलावयाचे.

हे सारे पत्र आम्ही मावशींस वाचून दाखविले. अठ्ठावीस माणसे, बाटल्या किती उरल्या, सारे त्यांनी ऐकून घेतले. मग विचारले, "आणि तो पावणेतीन किलो धान्याचा चोथा? त्याचं काय केलं?" पत्रात पाहून आम्ही सांगितले की, कचऱ्यात टाकला. मावशींच्या कपाळास आठी पडली. "एवढं चांगलं धान्य! शेजारीपाजारी कुणाकडे कोंबड्या नाहीत काय? विचारा त्याला, फादर."

विचारले आहे. उत्तर अजून आलेले नाही.